रेवतीच्या लाईव्हची राखण

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "आज्जी, मागावरच्या चाळीस वर्षांवर लिहा." मी हो म्हटलं आणि बसले दुसरंच लिहायला. मागाबद्दल आमच्या वडगावात कुणालाही विचारा, बोलायला लागला की थांबत नाही. पण सदुसष्टाव्या वर्षी मला जी नोकरी लागली, ती माझ्या वयाच्या दुसऱ्या कुठल्या बाईनं अख्ख्या बेळगावात केली असेल असं वाटत नाही. हुद्दा मॉडरेटर. पगार रोज संध्याकाळचा एक कप चहा, तोही मीच करायचा.

रेवती माझी नात. माझ्या मुलाची, सुरेशची, एकुलती एक मुलगी. सकाळी कॉलेज करते आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मागच्या खोलीत बसून मोबाईलवर बंदुकांचा खेळ खेळते. खेळ असा : शंभर माणसं, कुणी एकटी तर कुणी चौघाचौघांचा संघ करून, विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, तिथं पडलेली हत्यारं गोळा करतात आणि एकमेकांना टिपतात. शेवटी जो उरला तो जिंकला. सगळं खोटं, रक्तसुद्धा. पण माणसं शंभरच्या शंभर खरी, आपापल्या घरात मोबाईल धरून बसलेली. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी डोक्यावरचा पदर सावरला होता. एवढी परकी माणसं घरात!

तिचा खेळ चालू असताना तो इतरांनी आपापल्या मोबाईलवर बघायचा, याला लाईव्ह म्हणतात. बघता बघता लोक खाली लिहितात, ते लिहिलेलं पडद्यावर खालून वर सरकत जातं. ते चॅट. माझं काम चॅट राखायचं. वाईट लिहिणाऱ्याला दहा मिनिटं गप्प बसवायचं, तरी ऐकला नाही तर कायमचा हाकलायचा. एक बोट दाबलं की माणूस बाहेर. उभ्या जन्मात एवढा अधिकार मला कुणी दिला नव्हता. सासूबाईंनी तर नाहीच.

नोकरी लागली ती अशी. एका संध्याकाळी तिला चहा द्यायला गेले. ती खेळत होती, बोटं पडद्यावर नाचत होती, पण डोळे मधूनच खाली जाऊन परत वर येत होते आणि दर वेळी तिचा जबडा आवळत होता. शेजारी दुसरा मोबाईल उघडा पडला होता. मी चष्मा लावून वाचायला लागले. चार ओळी वाचल्या आणि चहाचा कप हातात तसाच घेऊन परत स्वयंपाकघरात गेले. खेळ संपल्यावर विचारलं, "रेवे, हे रोज असतंय?"

"रोज न्हाय आज्जी. जिंकले तर जास्त असतंय."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी स्टूल घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले.

माझी शैक्षणिक पात्रता सातवी पास. पण या कामाला लागणारी खरी पात्रता वेगळीच निघाली. चॅटच्या मशीनला इंग्रजी शिव्या कळतात, त्या ती आपोआप अडवते. आमच्याकडचा माणूस मराठीत सुरू करतो, कन्नडमध्ये रंगात येतो आणि हिंदीत संपवतो, आणि हे सगळं लिहितो इंग्रजी अक्षरांत. मशीन बिचारी काय करणार?

"आज्जी, तुला ठाऊक हायत तेवढ्या शिव्या सांग. मी यादीत घालते, मग त्या आपोआप अडतील," रेवती म्हणाली.

मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. अर्ध्या तासानं तिची बोटं थांबली.

"आज्जी, एवढ्या कुठनं येतात गं तुला?"

"सोळाव्या वर्षी या गल्लीत सून म्हणून आले. दारासमोर नळ होता."

सुरेश उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता हे आम्हाला मागाहून कळलं. दोन दिवस त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. लग्नाची मागणी घालणारे सगळ्यात सोपे. मी लिहायची, "बाळ, आईला फोनवर दे, पुढचं बोलून घेऊ." पळाले. दुसरे शिकवणारे. रेवतीनं डोंगरावरून तीनशे मीटरवरचा गडी एका गोळीत पाडला की खाली एकजण लिहिणार, "श्वास रोखून मारायचं असतं, हळूहळू जमेल." अरे, तिनं आत्ताच मारला की रं! ती हरली की म्हणायचे, बाईमाणूस ते बाईमाणूस. जिंकली की म्हणायचे, समोरच्यांनी मुलगी म्हणून सोडून दिली. ती जिंकली आणि तिनंच जिंकलं, असं लिहायला बोट कसं वळत नव्हतं कोण जाणे.

एकजण रोज लिहायचा, "आधी भाकरी थापायला शिक." त्याला मी हाकलला नाही. विचारलं, "तुला येते?" तो म्हणाला, मुलग्यांना काय करायची. गाव कुठलं? काकती. म्हटलं, "तलवार धरणाऱ्या राणीचं माहेर की रं ते! जवळच हायस, ये रविवारी, शिकवते भाकरी." सगळं चॅट त्याला हसायला लागलं. आठ दिवस गडी गायब. मग एक दिवस आला आणि लिहिलं, "आज्जी, पाणी गरम घ्यायचं की गार?" मनापासून विचारत होता की खोडी काढत होता, मला अजून कळलेलं नाही. मी मात्र इमानानं सांगितलं, उकळतं घे.

हसण्यासारखं होतं ते लिहिलं. जे हसण्यासारखं नव्हतं ते दिवाळी अंकात लिहिणार नाही. तशा ओळी हाकलताना माझं बोट घाईत भलत्याच माणसावर पडायचं. गुंजी गावचा एक भला माणूस रोज फक्त "राम राम आज्जी" लिहायचा, त्याला मी चुकून तीन वेळा बाहेर काढलं. तिन्ही वेळा तो दहा मिनिटांनी परत येऊन "राम राम आज्जी" म्हणाला.

मला आश्चर्य वाटायचं ते रेवतीचं. तिनं सांगितलं, पहिली दोन वर्षं ती माईक बंद ठेवूनच खेळली. नावही असं घेतलं होतं की मुलगा की मुलगी कळू नये. एकदा आपल्या बाजूच्या गड्याला मागून शत्रू येतोय म्हणून तिनं माईक उघडून ओरडून सांगितलं. तो वाचला. आणि आवाज मुलीचा आहे हे कळल्यावर हसून खेळ सोडून निघून गेला.

"मग गं?"

"मग काय. त्या दिवसापासनं माईक उघडाच ठेवला."

तिच्या वयाच्या आसपास असताना मी काय करत होते ते पुढं सांगते. सांगण्यासारखं नाही, तरी सांगते.

दहा महिने असे गेले आणि बेंगळुरूहून फोन आला. तिथं या खेळाचे मोठे संघ असतात, स्पर्धांना जातात. डावात चौघंच उतरतात, पण संघात पाच खेळाडू लागतात; चार ठरले होते, चारही मुलगे. पाचव्या जागेसाठी ते रेवतीचा विचार करत होते. संघाच्या मॅनेजरनं सांगितलं, पंधरा दिवस तुझं लाईव्ह बघतो आणि कळवतो. रेवती घरात उड्या मारत फिरली. सुरेशसुद्धा हसला. तो तसा या खेळाच्या विरुद्धच. पण बेंगळुरूहून फोन आल्यावर आमच्याकडे कुठलंही काम जरा खरं वाटायला लागतं.

आणि मग मी घोटाळा केला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एकानं लिहिलं, "मागं मशीन चालतंय. आवाज येतोय. ही बोटं मशीनची हायत." म्हणजे पडद्यावर आपोआप टकटक करणारं काहीतरी लावून ही फसवून जिंकते, असा आरोप. मी कान देऊन ऐकलं. खोलीत आवाज म्हणून नव्हता. मी ठणकावून लिहिलं, "आमच्या घरात कसलीही मशीन चालू नाही. आज्जी." दुसरा म्हणाला, मलाही येतोय आवाज. तिसरा म्हणाला, खटाखट चाललंय की. सगळे मिळून खोटं बोलताहेत अशी माझी खात्री झाली. एका बैठकीत मी अकरा जणांना कायमचं हाकललं आणि त्या रात्री मोठ्या समाधानानं जेवले.

दुसऱ्या दिवशी माझं ते वाक्य आणि मागचा आवाज जोडून कुणीतरी व्हिडिओचा तुकडा फिरवला. सुरेशच्या मित्रानं त्याला पाठवला. सुरेशनं तो मला ऐकवला आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे आपलं माग हायत की गं."

भिंतीपलीकडे आमचे चार यंत्रमाग. साडेपाचला पूर्ण वीज असते, चारही चालू असतात. भिंत थरथरते, ताकावरचं लोणी हलतं, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. मागवाल्याच्या घरात मागाचा आवाज कुणाला येतच नाही. तो बंद पडला की मात्र सगळे दचकून बघतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईनं ते वाक्य लिहिलं नसतं. मी लिहिलं, वर सहीही केली.

रेवतीनं खुलासा केला, साड्यांचे माग आहेत म्हणाली. लोक म्हणाले, आज्जी तर म्हणाली मशीन नाही. आता तुमच्यातलं खरं कोण? आणि मशीनवरचा संशय मिटतोय असं दिसल्याबरोबर नवीन निघालं : मशीन नसेल तर हिचा भाऊ खेळतोय, ही नुसती समोर बसून तोंड हलवते. रेवतीला भाऊ नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, मग मित्र असेल.

मॅनेजरचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, अवघडून बोलत होता. संघाचं नाव खराब होईल, आठ दिवसांत हे मिटवा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

सुरेश मागावरून हात पुसत आला. "बंद कर हे आता. गल्लीत माणसं मला विचाराय लागल्यात, पोरगी खेळतीया की कोण पोरगा येतोय घरात. काय सांगू मी?"

"आप्पा, मी खेळतीया म्हणून सांगा."

"त्यांना पटत न्हाय!"

"तुम्हाला पटतंय न्हवं?"

सुरेश मागाकडे परत गेला.

आता ते मागं राहिलेलं सांगते. मी तेवीस वर्षांची होते तेव्हा आमच्यात बायकांनी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या आणि हातमागावर पुरुषांनी बसायचं, अशी रीत होती. आमच्या ह्यांचा हात मोडला, तेव्हा दार लावून दोन महिने मागावर मी बसले. साड्या मी विणल्या. शहापूरचा व्यापारी आला, एका पदरावर त्यानं बोटं फिरवली आणि म्हणाला, हात बसलाय हो तुमचा! मी दाराआडून पटकन सांगितलं, "व्हय, यांनीच विणलीया." गळ्यात हात बांधलेला माणूस समोर बसला होता, तरी व्यापाऱ्याला ते पटलं! आणि मला आपण काय हुशारी केली असं वाटलं.

इतकंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. आमच्या शेजारी शांता होती. नवरा गेलेला, दोन पोरं. ती दार सताड उघडं ठेवून मागावर बसायची. तिच्या पायरीसमोर आम्ही चार सुना उभ्या राहायचो आणि मी सगळ्यांत पुढं. "काय शांताक्का, खाली पावडी मारणारा कुणी ठेवलायस का?" पावडी म्हणजे मागाची पायपट्टी; मागाखालच्या खड्ड्यात कुणीतरी पुरुष लपलाय आणि तोच विणतोय, असा त्याचा अर्थ. सगळ्याजणी हसायच्या. शांता धावता धोटा थांबवायची नाही. एकदाही तिनं वर बघितलं नाही.

रेवतीच्या चॅटवर "भाऊ खेळतोय" हे वाचलं तेव्हा मला ते कुठं ऐकल्यासारखं वाटलं. ते मीच म्हटलं होतं. शांता जाऊन वीस वर्षं झाली. माफी मागायला मी एक दिवसही मोकळी नव्हते, इतकी कामात होते मी!

रेवतीनं ठरवलं, लाईव्हमध्ये हात दाखवून खेळायचं. एक मोबाईल तिच्या हातात, दुसरा तिच्या बोटांवर रोखलेला, तो धरायचा मी. चॅटचा तिसरा मोबाईल माझ्या मांडीवर. सुरेशनं दारातून विचारलं, "माग बंद ठेवू का तेवढा वेळ?"

"नको, चालू द्या."

सुरुवातीला तिनं मला माग दाखवायला पाठवलं. मी मोबाईल घेऊन फिरले, चारही माग दाखवले, त्यावरची हिरव्या काठाची साडी दाखवली, आणि म्हटलं, "ही मशीन. मी न्हाय म्हटलं होतं ते खोटं होतं. मला ऐकू आली न्हाय." मग परत येऊन बोटांवर मोबाईल धरला.

तोपर्यंत मी तिचा खेळ पाचशे वेळा बघितला असेल, पण तो पडद्यावरचा. हात कधी बघितलेच नव्हते. दोन अंगठे खाली, दोन पहिली बोटं वरून वाकवलेली, खेकड्यासारखी. चारही बोटं चार वेगळी कामं करत होती आणि एकमेकांच्या वाटेत येत नव्हती. पळायचं एका बोटानं, बघायचं दुसऱ्यानं, नेम तिसऱ्यानं, गोळी चौथ्यानं. मी चाळीस वर्षं माग बघितलाय, हात म्हणजे काय ते मला कळतं. पण हे मी बघितलं नव्हतं. पहिल्या डावात ती लवकर मेली. हातांवर काही दिसलं नाही, बोटं फक्त एकदा सरळ झाली आणि परत वाकली. दुसऱ्या डावात चौथी आली. तिसऱ्या डावात शेवटी ती आणि एक पूर्ण संघ उरला, चार जण. एका पडक्या भिंतीमागं ती एकटी. पुढचं सांगायला मला लागेल तेवढा वेळही त्याला लागला नाही. तिची बोटं हलली असं म्हणता येत नाही, ती चमकली. चौघं पडले.

खेळ संपला. रेवतीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मग म्हणाली, "आज्जी, आज तू एकालाबी काढलं न्हाईस."

मी मांडीवर बघितलं. तास-दीड तासाचं चॅट तसंच पडलं होतं. सगळी घाण, एकही ओळ अडवलेली नाही. यादीतून निसटणारी, नव्यानं शोधून काढलेली, तिच्या बोटांवरची, नखांवरची, माझ्यावरची. मी कामच विसरले होते, हात बघत बसले होते.

"रेवे, तू हे वाचत होतीस?"

"दिसतंयच की खाली."

हे वाचत वाचत तिनं ते चौघं पाडले होते. मी तिच्याकडे बघतच राहिले. नात आहे माझी, तिची अंघोळ मी घातलेली आहे, पण त्या घटकेला तिच्या अंगाला हात लावायलाही मला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. रेवतीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तो म्हणाला, फार छान, आम्हाला पटलं. पण काही लोक म्हणताहेत, हात दुसऱ्या कुणाचे कशावरून नसतील? त्यात चेहरा कुठं दिसतो? तर एकदाच, शेवटचं, चेहरा आणि हात एकत्र दिसतील असं खेळून दाखवा.

मी लगेच मान डोलावली. दाखवू की. आरसा लावू, मोबाईल जरा लांब धरू, काय बिघडतंय? सुरेशही "व्हय, व्हय" म्हणाला. आम्ही दोघं कॅमेरा कुठून धरायचा ते बोलायलाही लागलो.

रेवती कन्नडमध्ये म्हणाली, अगदी सावकाश, "सर, बाकीच्या चौघांनी हात दाखवले का?"

"नाही दाखवले," तो म्हणाला. "त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही."

"मग माझंही आता झालं. खेळ बघून जागा द्यायची असेल तर द्या. परत हात दाखवणार नाही."

फोन ठेवला. सुरेशनं डोक्याला हात लावला, "घालवलीस गं जागा!" मीही तेच म्हणणार होते. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात जाऊन बसला होता. बाकीच्यांनी दाखवले का? सदुसष्ट वर्षांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. शांतेला विचारताना नाही, स्वतःला लपवताना तर नाहीच. आणि ही एकवीस वर्षांची पोरगी, हातातोंडाशी आलेली जागा पणाला लावून, चेहऱ्यावर हसूही न आणता, विचारून मोकळी झाली.

दोन दिवस काही आलं नाही. ती रोजच्यासारखी खेळली. मी रोजच्यासारखी हाकलत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुरेशसाठी कांड्या भरत होते, तेव्हा ती मोबाईल घेऊन आली आणि माझ्या तोंडासमोर धरला. चष्मा नव्हता, म्हणून सुरेशला हाक मारली. माग बंद करून तो आला आणि मोठ्यानं वाचायला लागला. संघाच्या सरावाचं वेळापत्रक होतं, खाली पाच नावं. तिचं तिसरं होतं.

"पुढं काय लिवलंय?" मी विचारलं.

सुरेशनं परत बघितलं. "काय न्हाय. नुसतं नाव हाय. बाकीच्या चौघांसारखं."